साडेपाचवरचा लाल ठिपका

रेडिओ पाडला खिडकीच्या झडपेने. पण मावशीने दोष स्वतःकडे घेतला आणि मग तो कुणालाही परत दिला नाही.

"मीच ठेवला ना तिथे! मला मेलीला काय दुर्बुद्धी सुचली! टेबलावर काय वाईट लागत होता?"

टेबलावर वाईटच लागत होता. म्हणूनच तिने तो खिडकीत नेला होता. पण हे बारकीने बोलून दाखवलं नाही. ती जमिनीवर बसून तुकडे गोळा करत होती. पाठीचं झाकण एकीकडे, सेल पलंगाखाली, आणि एरियल मोडून लोंबकळत होती. सेल परत बसवून तिने बटण फिरवलं. रेडिओ खरखरलासुद्धा नाही.

एरवी रेडिओ मोडला म्हणून कुणी एवढं कासावीस होत नाही. पण वादळाने आधी वीज नेली आणि मग टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर आडवा केला. गावाबाहेरची बातमी आणणारी वस्तू बारकीच्या घरात एकच उरली होती, आणि ती आता तिच्या मांडीवर मुकी पडली होती.

बारकीची आई सामान वाहणाऱ्या एका लहान जहाजावर इंजिनाची मिस्त्री होती. लांबच्या बेटांवर पीठ, तेल, गॅसच्या टाक्या, दीपगृहाच्या माणसांसाठी औषधं, असं काय काय घेऊन ते जहाज जायचं. जहाजाचं नाव 'टिटवी'. "जहाजाला कुणी टिटवी नाव ठेवतं का? ओरडायला लागली की पोटात धस्स होतं," असं मावशी पहिल्या दिवसापासून म्हणत आली होती. त्यावर आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "ओरडली तर बरंच की ताई. इंजिन ओरडलं की मला कळतं काय बिघडलंय. गप्प बसलं की खरी भीती."

समुद्रावर गेलेल्यांच्या घरी ज्याची वाट पाहतात तो कार्यक्रम रोज दिवे लागायच्या वेळी असायचा. बंदराच्या स्टेशनावरून एक माणूस जहाजांची नावं वाचायचा. आधी ज्यांचा संपर्क झाला ती जहाजं, कोण कुठे आहे ते. मग ज्यांचा झाला नाही ती. एकदा संपूर्ण वाचून झालं की थोडं थांबून तो सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायचा, म्हणजे कुणाचं काही निसटलं असेल तर सापडावं. तेवढंच. मग स्टेशन बंद.

काल संध्याकाळी आवाज नेहमीसारखाच बारीक होता, डबक्याच्या तळातून आल्यासारखा. दोघी रेडिओला कान लावून बसल्या होत्या. पहिल्या यादीत 'टिटवी' आली नाही. दुसऱ्या यादीत अगदी शेवटी आली. "'टिटवी'. संपर्क नाही." दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाही तेच. मावशीने रात्री जेवणाचं ताट वाढलं, झाकून ठेवलं आणि सकाळी तसंच उचललं.

आज काय वाचतील त्यावर सगळं होतं. आणि रेडिओ मोडला होता.

"न्हावीकाकांकडे आहे," बारकी म्हणाली.

मावशीने डोळे पुसले. गळ्यातली मापाची टेप तिने तशीच राहू दिली. ती शिंपीण होती. टेप काढायची तिला आठवण राहत नसे, आणि खडू तर कायम खिशात असायचा. "चल. उजेड आहे तोवर पोचू."

निघताना बारकीने मोडका रेडिओही पिशवीत घातला.

"तो कशाला? त्याचं काय आता?"

"ठिपका आहे ना त्याच्यावर."

रेडिओच्या काचेवर नखाच्या लाल रंगाचा एक ठिपका होता. आईने लावलेला. काटा त्या ठिपक्याखाली आणला की बंदराचं स्टेशन लागायचं. आकडे वाचायची गरजच नव्हती. आज बारकीने वाटेत चालता चालता पहिल्यांदा नीट पाहिलं. लहान लहरींचे, म्हणजे शॉर्टवेव्हचे, दोन पट्टे होते. पहिला तीनपासून सहापर्यंत, दुसरा सातपासून अठरापर्यंत. ठिपका पहिल्या पट्ट्यावर होता, बरोबर साडेपाचवर.

रस्त्यावर फांद्या पडल्या होत्या. एका घराचे पत्रे दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसले होते आणि दोन्ही घरचे लोक ते कुणाचे यावर हुज्जत घालत होते. एकीने विचारलं, "काही कळलं का हो बहिणीचं?" तर मावशीने नुसती मान हलवली आणि पावलं उचलली.

न्हाव्याच्या दुकानात दाराशी एक कंदील टांगलेला होता आणि खुर्चीत एक ट्रकवाला तोंडाला साबण लावून बसला होता. आरशासमोरच्या फळीवर, तेलाच्या बाटल्यांच्या वर, विणलेलं झाकण घालून मोठा रेडिओ ठेवलेला. तो न्हाव्याला सासऱ्यांनी दिलेला. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला न्हाव्याला खपत नसे.

मावशीने एका दमात सगळं सांगितलं. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

"मग आल्या आल्या सांगायचं ना! दाढी काय, पळून जाते?"

"अहो, माझी अर्धी झालीय," ट्रकवाला साबणातून म्हणाला.

"उरलेली अर्धी आहे तिथेच राहील. तुमचा ट्रक तरी कुठे निघालाय, रस्त्यावर झाड पडलंय." न्हाव्याने हात पुसले, झाकण काढलं, घडी घातली, रेडिओ फळीवरून उतरवून टेबलावर ठेवला आणि एरियल पूर्ण लांब केली. काचेवरचे आकडे मोठे आणि ऐसपैस होते. तीनपासून बावीसपर्यंत मध्ये कुठे खंड नाही; तीन पट्टे एकापुढे एक जोडलेले. "बोल बारके, कुठे लावू?"

"साडेपाचवर."

काटा सरकला. खरखर मोठी झाली. बाहेर उजेड पिवळा पडत चालला होता.

साडेपाचवर काहीच नव्हतं.

न्हाव्याने काटा थोडा पुढे नेला, थोडा मागे आणला. कुठेतरी एक शिट्टी आली आणि गेली. पुन्हा खरखर. त्याने एरियल दाराकडे वळवली, मग आडवी केली. खरखर तेवढीच.

"जरा अलीकडे बघा ना," मावशी म्हणाली. "सगळ्यांचे आकडे कुठे तंतोतंत असतात?"

"ताई, हा रेडिओ खोटं बोलत नाही. हे बघा." त्याने पट्टा बदलला आणि काटा बाराच्या जरा अलीकडे आणला. लगेच गाणं लागलं, मोठं, स्वच्छ, शेजारच्या खोलीत कुणी गात असावं तसं. "रोज इथेच. केसाएवढा फरक नाही. आणि केसाएवढं म्हणजे किती ते मला विचारा."

"गाणी नकोत हो मला!"

"तसं नाही ताई. मी म्हणतो, रेडिओ ठीक आहे. स्टेशनच बंद असणार. बंदरावर काय वादळ झालं नसेल?"

तो चांगल्या मनाने बोलला होता, पण मावशी एकदम खाली बसली. गिऱ्हाइकांच्या बाकावर, कंगव्यांच्या डब्याशेजारी. "स्टेशन कधी बंद नसतं," ती हळू म्हणाली. "कुणाचं काही वाईट झालं आणि घरच्यांना आधी कळवायचं असलं, तरच बंद ठेवतात."

असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे मनाशी रचलं होतं. पण भीतीने रचलेली गोष्ट खरीच वाटते. ट्रकवाल्याच्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता.

बारकी गाण्याकडे कान देऊन उभी होती. हे गाण्यांचं स्टेशन घरच्या रेडिओवरही लागायचं. बाराच्या जरा अलीकडे, असंच मोठ्याने. पण घरी ते आणखी एका ठिकाणी लागायचं. अकराच्या आसपास. तिथे मात्र बारीक, डबक्याच्या तळातून आल्यासारखं.

डबक्याच्या तळातून. ती टेबलापाशी सरकली.

"काका, गाणी अकराच्या आसपास लावून बघा."

"अकरावर? तिथे कशाला असतील?"

"लावा तर."

न्हाव्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण काटा नेला. अकरावर कुणी परक्या भाषेत बोलत होतं. अलीकडे नाही, पलीकडे नाही, गाणं कुठेच नव्हतं.

"आमच्याकडे तिथे लागतात," बारकी म्हणाली. "मागे आईला मी विचारलं होतं, एकच बाई दोन ठिकाणी कशी गाते? आई म्हणाली, एक खरी, एक तिची सावली. रेडिओच्या आत चाळण असते. चांगल्या रेडिओची चाळण बारीक, सावली आत येऊ देत नाही. आपल्याची ढिली आहे, म्हणून एकच स्टेशन दोनदा लागतं. एकदा त्याच्या जागेवर, एकदा थोडं अलीकडे."

"बरं मग?" मावशी म्हणाली. तिचं लक्ष बाहेरच्या उजेडाकडे होतं.

"मावशी, बंदर आपल्याकडे कसं लागतं? मोठ्याने की बारीक?"

"बारीक. कायमच. म्हणून तर मी मेली खिडकीत..." ती थांबली.

"मग ती सावलीच असेल तर? आईने ठिपका सावलीवर लावला असेल तर? इथे साडेपाचवर काही नाहीच. खरं बंदर पुढे असणार."

"खरं सोडून सावलीवर कशाला लावेल ती? एवढी मिस्त्री!"

बारकीने पिशवीतून मोडका रेडिओ काढला आणि कंदिलाखाली धरला. "कारण पुढे जागाच नाही. हे बघ. हा पट्टा सहाला संपतो. पुढचा सातला सुरू होतो. सहा आणि सात यांच्यामध्ये आपला रेडिओ जातच नाही. खरं बंदर तिथे असेल तर आपल्याला सावलीशिवाय काय मिळणार?"

न्हावी वाकला. ट्रकवालाही खुर्चीतून उठला, गळ्यातल्या फडक्यासकट. तिघांनी मिळून मोडक्या काचेकडे पाहिलं.

"किती पुढे असेल?" न्हाव्याने विचारलं. आता त्याचा आवाज बदलला होता.

बारकीने गाण्यांची सावली आणि खरी जागा यांच्यातलं अंतर घरच्या काचेवर बोटाने मोजलं. एक बोट. मग तेच बोट न्हाव्याच्या रेडिओच्या काचेवर, साडेपाचच्या पुढे आडवं ठेवलं. "इथे."

काटा बोटापाशी आला. खरखर. नुसती खरखर.

बोटाच्या अलीकडे. पलीकडे. काही नाही.

बाहेर समोरच्या घरात कुणीतरी कंदील लावला. "लागले दिवे," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की बारकीला रडायला आलं. "सुरू झालं असेल तिकडे. वाचत असतील."

"थांब ना मावशी!"

"मी काय म्हणतेय तुला? मी काही म्हणतेय का?"

आपलं काय चुकलं ते बारकीला कळत नव्हतं. तिने घरच्या रेडिओची काच न्हाव्याच्या काचेशेजारी धरली. घरच्या रेडिओवर अकरा आणि बारा एकमेकांना चिकटून बसले होते, बाकावर पाच जणांच्या जागेत आठ जण बसतात तसे. न्हाव्याच्या रेडिओवर पाच आणि सहा पाय पसरून, ऐसपैस. मग तिथलं एक बोट आणि इथलं एक बोट सारखं कसं असेल?

"बोट नाही!" ती ओरडली. "बोटाने मोजायचंच नाही. आकड्याने मोजायचं. गाणी अकरापासून बाराच्या जरा अलीकडे. म्हणजे एका आकड्याला थोडं कमी. मग साडेपाचचं..."

"साडेसहाच्या जरा अलीकडे," ट्रकवाला म्हणाला.

न्हाव्याने काटा सहाच्या पुढे नेला आणि मग हात सावकाश केला. वस्तऱ्याने कानामागची कड घ्यावी तसा तो गोल बटण अगदी हळू फिरवू लागला. सव्वासहा गेलं. खरखर. एक टकटक आली, गेली. खरखर. मग शिट्टी, वरून खाली उतरत आली आणि शिट्टीच्या खालून एकदम माणसाचा आवाज वर आला. तो आवाज डबक्याच्या तळातला नव्हता. दुकानाच्या दारात उभा राहून बोलावं तसा, खणखणीत.

"...यांच्याशी अद्याप संपर्क झालेला नाही."

मावशी उभी राहिली.

"यादी संपली. काही वेळाने पुन्हा वाचू."

मग नुसता हवेचा आवाज.

"कोण?" मावशी म्हणाली. "कुणाशी नाही झाला? नाव काय घेतलं त्याने? अहो, नाव काय घेतलं?"

कुणालाच माहीत नव्हतं. नावं त्याने आधीच वाचली होती. वाक्याचं शेपूट तेवढं त्यांच्या हाती आलं होतं.

"पुन्हा वाचणार आहेत ताई," न्हावी म्हणाला आणि त्याने बटणावरचा हात काढला. हात काढल्याबरोबर हवेचा तो आवाज बदलला. शिट्टी परत आली. त्याने घाईने हात परत ठेवला. शिट्टी गेली. "अरेच्चा. हात काढला की सरकतंय."

"मग नका काढू!" बारकी आणि मावशी एकदम म्हणाल्या.

"नाही काढत. पण नाकाला खाज आलीय."

"मी खाजवतो," ट्रकवाला म्हणाला, आणि त्याने खरंच खाजवलं. कुणी हसलं नाही. मावशी तर खडू मुठीत आवळून उभी होती. तिच्या बोटांमधून निळा चुरा गळत होता.

ते थांबणं फार लांबलं. मध्येच खरखर वाढली आणि त्या हवेचा आवाजही बुडाला. बारकीला वाटलं, गेलं. लहान लहरींचं असंच असतं. लाट येते तशी येतात आणि ओसरतातही. तिने मावशीचा हात धरला. तो गार होता.

मग लाट परत आली.

"पुन्हा वाचत आहोत. संपर्क झालेली जहाजं."

एक नाव. ते कुठे आहे ते. दुसरं नाव. तिसरं. तो माणूस घाई करत नव्हता. प्रत्येक नावानंतर श्वास घेत होता, आणि त्या प्रत्येक श्वासात मावशीचे ओठ हलत होते. बारकीला कळत होतं, ही यादी आता संपेल आणि मग दुसरी सुरू होईल, आणि दुसरीत...

"'टिटवी'."

न्हाव्याने डोळे मिटले, पण हात हलवला नाही.

"इंजिन बंद पडलेलं. जहाज दुसऱ्या बोटीला बांधून ओढत आणत आहेत. वारा उलटा असल्याने वेग कमी. जहाजावरचे सर्वजण सुखरूप."

आणि पुढचं नाव.

मावशी बाकावर बसली ती पदराने तोंड झाकूनच. तिचे खांदे हलत होते. बारकीला आधी वाटलं ती रडतेय. मग पदरातून आवाज आला, "इंजिन बंद पडलेलं! आणि म्हणे मिस्त्री! सगळ्या गल्लीची शिलाई मशिनं दुरुस्त करत फिरते, आणि स्वतःचं एक इंजिन... येऊ दे घरी, येऊ दे तिला!" ती रडतही होती आणि हसतही होती.

"थांबा हो, पूर्ण वाचू दे त्याला," न्हावी म्हणाला. दुसरी यादीही त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. तिच्यात दोन नावं होती, आणि ती ऐकताना कुणी हललं नाही. ती कुणाच्या घरची होती ते त्यांना माहीत नव्हतं.

स्टेशन बंद झाल्यावर बारकीने विचारलं, "मावशी, दोर तुटला तर?"

मावशीने चेहरा पुसला. खोटं बोलायचं असतं तर ती पटकन बोलली असती. "तुटला तर दुसरा बांधतील," ती शेवटी म्हणाली. "उद्या ऐकू. परवाही ऐकू. बंदरात लागेपर्यंत ऐकायचंय."

तिने मूठ उघडली. खडूचा एक तुकडा अजून शाबूत होता. ती टेबलाजवळ गेली, आणि मग तिला आठवलं हा रेडिओ कुणाचा आहे. तिने न्हाव्याकडे पाहिलं.

"काढा ना रेघ," तो म्हणाला. "पण माझा हात आहे तसाच ठेवून काढा. हातासकट जी जागा आहे तीच खरी."

मावशीने काचेवर, साडेसहाच्या जरा अलीकडे, एक बारीक निळी रेघ ओढली. कापड कापायच्या आधी ओढते तशी, एकाच झटक्यात. मग न्हाव्याने हात काढला, बोटं झाडली आणि ट्रकवाल्याला खुर्चीत ढकललं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गाणी लागली नाहीत. गिऱ्हाइकं कुरकुरली. एक जण म्हणाला, एवढा मोठा रेडिओ काय शोभेला ठेवलाय? आणि त्याने बटणाकडे हात नेला.

"काट्याला हात लावलास तर अर्धी मिशी काढून पाठवीन," न्हावी म्हणाला.

त्याने बाक रेडिओच्या जवळ ओढून ठेवला होता, दोघींना बसता येईल असा. उजेड उतरायला अजून वेळ होता. पण त्या दोघी येऊन बसल्या होत्या, आणि बारकी निळ्या रेघेवरून नजर हलवत नव्हती.